न बदललेल्या तारा

बेस गिटार हे वाद्य आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपासारखं आहे. चालू असेपर्यंत कुणी त्याचं नाव काढत नाही, आणि बंद पडलं की चारही मजले गॅलरीत येतात. चार जाडजूड तारा, खर्जातलं ‘धुम धुम’, आणि वाजवणारा इसम बहुधा ड्रमवाल्याच्या शेजारी अंधारात उभा. फोटो निघतात ते पुढे चमचमता कोट घालून गाणाऱ्याचे. या अंधारातल्या मंडळींवर कुणी पावणेदोन तासांचा सिनेमा काढला आहे असं कळलं, म्हणून मी तो पाहिला. मग आणखी दोनदा पाहिला. मी पडलो बी. कॉम., सुरांतलं मला बेताचंच कळतं. पण काम एकाने करायचं आणि सही दुसऱ्याने ठोकायची, हा राग मात्र मला बँकेतल्या नोकरीमुळे पक्का बसला आहे.

सिनेमाचं नाव ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’, साल २००२, दिग्दर्शक पॉल जस्टमन. बेरी गॉर्डीने १९५९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी काढली. एका साध्याशा घरात स्टुडिओ. छतावरून वायरी लोंबकळायच्या, म्हणून वादक त्याला ‘सापांचा खड्डा’ म्हणत. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मार्विन गे अशी बडी बडी मंडळी तिथे गाऊन गेली आणि जगप्रसिद्ध झाली. त्यांच्यामागे वाजवणारी माणसं बहुतेक तीच ती. ती आपापसांत स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवून घेत, कारण बाहेरचं कुणी त्यांना काहीच म्हणत नव्हतं. रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांची नावंच नसत. आमच्या भाषेत सांगायचं तर रक्कम यांच्या नावे टाकली आणि जमा केली भलत्याच खात्यात. बीटल्स, बीच बॉइज, रोलिंग स्टोन्स आणि एल्व्हिस यांच्या मिळून झाल्या नसतील इतक्या पहिल्या नंबरच्या रेकॉर्डी यांनी वाजवल्या, असा सिनेमाचा दावा आहे. हा आकडा सिनेमावाल्यांचा, ऑडिटरचा नव्हे. पण निम्मा खरा धरला तरी पेन्शन बरी बसायला हवी होती.

सिनेमातला सर्वांत सुंदर भाग कुठला? ही म्हातारी मंडळी नुसती बसून गप्पा मारतात तो. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने सन दुरुस्त करायचं, तिसऱ्याने गोष्ट संपायच्या आधीच हसायचं. आमच्या शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्त लोक पासबुक भरून घ्यायला येतात. काम पाच मिनिटांचं, मुक्काम दीड तासाचा. चौदा पैशांचा फरक रात्री साडेअकराला कुठल्या लेजरात सापडला, याची चर्चा ते अजून करतात, आणि ज्याला तो सापडला त्याचा चेहरा आजही खुलतो. तोच चेहरा मला या सिनेमात सात-आठ वेळा दिसला.

माझी पहिली तक्रार अशी, की या गप्पांत तारांचा विषय हवा तितका येत नाही. बेसवाल्यांच्या जगात हा विषय म्हणजे आपल्याकडचा चहा. तार दोन जातींची. एक सपाट वेटोळ्याची. हिच्यावर पोलादाची चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोटाला गुळगुळीत, आवाज गोल आणि दबका. दुसरी गोल वेटोळ्याची, खरखरीत, पियानोसारखी खणखणीत. ही दुसरी १९६६ साली इंग्लंडात ‘द हू’च्या जॉन एन्टविसलने रोटोसाउंड कंपनीच्या मालकाबरोबर बसून मनासारखी करून घेतली. तिचं दुखणं एकच: घाम आणि मळ बसला की चार दिवसांत खणखणाट जातो. काही काटकसरी वादक जुन्या तारा पातेल्यात उकळून काढतात. मळ सुटतो आणि आवाज काही दिवस पुन्हा लखलखतो. हे मी घरी सांगितलं, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, “त्याच पातेल्यात मग दूध तापवतात का हो?”

आणि आता मोटाऊनचा जेम्स जेमर्सन. हा सपाटवाला. ला बेला कंपनीच्या जाड तारा, सर्वांत जाड तार पावणेतीन मिलिमीटरच्या घरातली. त्या गिटारवर इतक्या उंच ताणलेल्या, की दुसऱ्याने हात लावला तर बोटं सोलून निघावीत. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. मळातच खरी गंमत आहे, असं त्याचं मत. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. त्या एका बोटातून त्याने काय काय काढलं! त्याच्या आधी बेस म्हणजे भिंतीचा पाया. याच्या हातात पायाच चालायला, मुरडायला, गायकाला उलट उत्तर द्यायला लागला. लहानपणी तो मुंग्यांच्या वारुळात काठी खोचून, तिला रबर बांधून वाजवायचा आणि म्हणायचा, मुंग्या नाचतात. सिनेमात हा प्रसंग नट घेऊन उभा केला आहे.

इथे माझी दुसरी तक्रार. असे नटवलेले प्रसंग सिनेमात बरेच आहेत आणि शाळेच्या गॅदरिंगच्या वर जात नाहीत. खरा म्हातारा समोर बसून सांगत असताना खोटा तरुण कशाला हवा?

तिसरी तक्रार मोठी. मध्येमध्ये नव्या काळातले पाहुणे गायक येऊन मोटाऊनची गाणी म्हणतात. म्हणतात छानच. चाका खानच्या गाण्याला तर २००३ साली ग्रॅमी मिळालं. पण गायक उभा राहिला रे राहिला, की कॅमेरा त्याच्याकडे धावतो आणि आमचे म्हातारे पुन्हा मागे धूसर. ज्यांना सावलीतून बाहेर काढायचं म्हणून एवढा खटाटोप, त्यांच्यावर दिग्दर्शक स्वतःच सावली धरतो. आमच्याकडे निरोप समारंभात साहेबांचं भाषण चाळीस मिनिटं आणि सत्कारमूर्तीला शाल हा प्रकार होतो, तसलंच हे.

मात्र एक पाहुणी खरी कामाची: मिशेल एन्डेगिओचेलो. ती बॉब बॅबिट या गोऱ्या बेसवादकाला हळूच विचारते, की शहर काळ्या-गोऱ्या वैराने पेटलेलं असताना या काळ्या सोबत्यांत तुला कसं वाटत होतं? बॅबिटचा गळा दाटून येतो. तिथे कॅमेरा मुकाट बसून राहतो. हे शहाणपण त्याला आणखी चार ठिकाणी सुचायला हवं होतं.

जेमर्सनचं नाव पाकिटावर छापून आलं ते १९७१ साली, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पुढच्याच वर्षी कंपनीने बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. वादक कामावर आले तर दाराला नोटीस. १९८३ साली मोटाऊनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. जेमर्सनला आमंत्रण नव्हतं; त्याने काळ्या बाजारातलं तिकीट घेऊन मागे बसून तो पाहिला. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या आधी त्याची ती जुन्या तारांची गिटारही चोरीला गेली होती. सत्तेचाळीस! माझा गृहकर्जाचा शेवटचा हप्ता अठ्ठावन्नाव्या वर्षी आहे. गप्पा मारायला, चुकीचं सन सांगायला आणि दुसऱ्याकडून ते दुरुस्त करून घ्यायला त्याला म्हातारपण मिळालंच नाही. सिनेमाभर बाकीचे त्याच्याविषयी बोलतात आणि त्याची खुर्ची रिकामी राहते.

रॉबर्ट व्हाइटचा किस्सा याहून लहान आहे. ‘माय गर्ल’च्या सुरुवातीची गिटार याची. उतारवयात तो एका हॉटेलात जेवायला बसला असता तेच गाणं लागतं. हे मी वाजवलंय, असं वेटरला सांगायला तो तोंड उघडतो, आणि म्हातारं चळलं असं याला वाटेल म्हणून जेवण मागवून गप्प बसतो. व्हाइट १९९४ साली गेला. सिनेमा आला तेव्हा तोही नव्हता.

त्या गाण्यात व्हाइटच्या गिटारच्याही आधी, अगदी आरंभी, काही क्षण नुसता जेमर्सन आहे. ऐकताना तेवढं लक्ष द्या. लगेच गिटार येते.