पश्चिम घाटाचे दोन अहवाल: नकाशा पोचला, ग्रामसभा मागे राहिली

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय दिलाय 'पर्यावरण संशोधन आणि शाश्वत विकासाचं धोरण'. एवढ्या मोठ्या विषयावर मोघम बोलत राहिलो तर वेळ संपेल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून मी दोनच कागद घेतो. एक, डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल. दुसरा, डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाचा २०१३ चा. आपल्याकडे हे अहवाल बाजू घेण्यासाठी वापरले जातात. तुम्ही गाडगीळवाले की कस्तुरीरंगनवाले? मला आज ते नुसते वाचायचे आहेत, आणि संशोधनाचा धागा धोरणापर्यंत जाताना नेमका कुठे तुटला, ते बघायचं आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं गाडगीळ गट नेमला. ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल सादर झाला आणि मंत्रालयानं तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगानं तो खुला करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. म्हणजे जवळजवळ नऊ महिने अहवाल कपाटात आणि अफवा बाहेर. 'आता घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत', हे गावात आधी पोचलं. अहवाल नंतर आला, तोही इंग्रजीत.

आता अहवालात काय आहे? गटानं पश्चिम घाटावर साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन आखले, दोन हजारांहून जास्त. प्रत्येक चौकोनाला जैवविविधता, चढउतार, असे निकष लावून गुण दिले. त्यावरून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि कुठल्या पायरीला काय चालेल, काय नाही, याची यादी केली. पण अहवाल इथे थांबत नाही. तो स्पष्ट म्हणतो की ही मांडणी अंतिम नाही, ती ग्रामसभांपर्यंत न्यावी, त्यांच्याशी बोलून हद्दी आणि नियम ठरवावेत. माझ्या मते अहवालाचा जीव या वाक्यात आहे.

आणि इथेच माझी पहिली टीका आहे. चौकोनांचे गुण काढल्यावर गटानं पायरी लावली ती तालुक्याला. कारभाराच्या सोयीसाठी. पण कोकणातला तालुका म्हणजे काय चीज आहे? संगमेश्वर घ्या. एका अंगाला सह्याद्रीची धार, दाट रान. दुसऱ्या अंगाला शास्त्रीच्या खाडीकाठची गावं, भातखाचरं, कलमाच्या बागा. या सगळ्याला एक रंग दिला की वाचणाऱ्याला रंगच दिसतो. 'हा रंग तात्पुरता आहे, तुम्ही तो बदलू शकता', हे शेकडो पानांच्या आत कुठेतरी राहतं. नकाशा एका नजरेत कळतो, प्रक्रिया समजावून सांगावी लागते. ते सांगायला गावात कोणी गेलंच नाही. ती जबाबदारी सरकारची होती, हे खरं. पण लोकांवर इतका भरवसा ठेवणाऱ्या अहवालानं लोकांना समजेल असं पहिलं पान लिहायला हवं होतं, हेही खरं.

आता दुसरा कागद. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन गट नेमला गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये अहवाल आला. यांनी उपग्रहाची चित्रं घेतली, २४ मीटरपर्यंतचा तपशील दिसणारी. म्हणजे गाडगीळांच्या चौकोनापेक्षा कितीतरी बारीक. घाटाचे दोन भाग केले: 'नैसर्गिक' भूप्रदेश आणि शेती, वस्ती, लागवडीचा 'सांस्कृतिक' भूप्रदेश. संरक्षण मुख्यतः पहिल्याला. घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर. गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग त्यात येत असेल तर अख्खं गाव यादीत.

याची जमेची बाजू मान्य करू. गावांची नावं दिली. तलाठ्याला, सरपंचाला कळेल असं एकक निवडलं. पण गणित करून बघा. पाचशे हेक्टरचं गाव आहे, त्यात दोन हेक्टरची देवराई. पिढ्यान्‌पिढ्या कोणी काडी मोडली नाही. ती गावाच्या क्षेत्राच्या ०.४ टक्के. बाकी सगळी शेती असेल तर गाव यादीबाहेर. माणसानं राखलेलं रान या पद्धतीत मोजलंच जात नाही, कारण माणूस दिसला की भूप्रदेश 'सांस्कृतिक' होतो. चित्र बारीक झालं आणि नजर जाड राहिली. ग्रामसभेची भूमिकाही आकसली. मे २०१३ मध्ये गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहिलं, त्यात याच मुद्द्यावर त्यांचा रोख होता.

पुढे काय झालं? मार्च २०१४ मध्ये ५६,८२५ चौरस किलोमीटरच्या मसुदा अधिसूचनेवर गाडी आली. मुदत संपली की नवा मसुदा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला वायनाड. आणि ३१ जुलैला सहावा मसुदा! मी असं म्हणणार नाही की अहवाल लागू असता तर माळीण वाचलं असतं. तसं सिद्ध करता येत नाही आणि मेलेल्या माणसांच्या नावावर वाद जिंकू नये. पण मधल्या दहा वर्षांत उतारावर काय करायचं आणि काय नाही, हे गावागावांत बसून ठरवता आलं असतं. ते झालं नाही, एवढं मात्र निश्चित.

लोकांनाच नको होतं, असं सांगतात. मग सिंधुदुर्गचं काय? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी ठराव केले की आमचं गाव संवेदनशील क्षेत्र करा. गाडगीळ अहवालात त्याची नोंद आहे. खाणी नकोत म्हणून मागितलं, आपल्या हिशेबानं मागितलं. म्हणजे विचारलं तर लोक उत्तर देतात.

गडचिरोलीत मेंढा-लेखा बघा. तिथे ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो. विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, उलटसुलट बोलायचं. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव आहे. संशोधन आणि धोरण यांच्यातला पूल म्हणतात तो हा, आणि त्याला परिषदेचं सभागृह लागलं नाही.

उलट उदाहरणही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या होत्या. वर्षानुवर्षं झालं नाही. मग हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली आणि नोंदवह्या धडाधड तयार झाल्या! आपल्या गावाची वही एकदा मागून बघा. शेजारच्या गावाचीच नक्कल तर नाही ना, ते तपासा.

तर माझं म्हणणं एवढंच. संशोधकानं अहवाल सरकारला दिला की काम संपलं, हा समज सोडायला हवा. गाडगीळ गटानं प्रक्रिया सांगितली पण रंग आधी दाखवला. कस्तुरीरंगन गटानं यादी दिली पण ग्रामसभेला मागे ठेवलं. सातवा मसुदा निघेल तेव्हा निघेल. तोवर तुमच्या ग्रामसभेत दोन्ही अहवालांतलं तुमच्या गावापुरतं पान मराठीत वाचून दाखवा. तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.