नाममुद्रा, गीतपंक्ती आणि वाङ्मयचौर्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाङ्मयचौर्याचा आरोप कवींच्या जगात नवा नाही. एखाद्या कवितेत परिचित गीताची ओळ अवतरणचिन्हाविना व मूळ कर्त्याच्या नामनिर्देशाविना आली की एक पक्ष तिला चोरी ठरवितो. दुसरा पक्ष परंपरेशी साधलेला संवाद म्हणून तिचे समर्थन करतो. हा वाद बहुधा कवीच्या हेतूभोवती फिरतो. हेतू सिद्ध करणे अवघड असल्याने निर्णय लागत नाही, आरोप मात्र मागे उरतो. म्हणून प्रस्तुत लेखात हेतूऐवजी श्रोत्याची ओळख हा निकष मानून या प्रश्नाचा विचार केला आहे. मूळ गीत श्रोत्यास ज्ञात असेल तेथे अनुल्लेख हा आदर ठरू शकतो. ते अज्ञात असेल तेथे तोच अनुल्लेख अपहार ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे.

सालोमालो : मराठीतील जुना आरोप

मराठी काव्यात अशा आरोपाचे ठळक उदाहरण तुकारामांच्या गाथेत आढळते. स्वतःस हरिदास म्हणविणारा सालोमालो दुसऱ्याची वचने मोडून ती आपली म्हणून मिरवितो, अशी तक्रार तुकारामांनी केली आहे. ही तक्रार सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. जे तुकाराम आपल्या वाणीचे श्रेय वारंवार पांडुरंगास देतात, त्यांनी शब्दांवर मालकी सांगावी हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु त्यांचा रोख मालकी गेल्यावर नसून वचनाची नासाडी झाल्यावर आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही मालकीची खूण असण्यापेक्षा जबाबदारीची खूण आहे. या शब्दामागे कोणाचे आचरण उभे आहे, हे ती सांगते. मुद्रा बदलली की शब्द तेच राहूनही त्यांचा जामीनदार बदलतो.

याउलट कीर्तनकार निरूपणात कर्त्याचे नाव न घेता अभंगाचा चरण योजतो, तेव्हा त्यास कोणी चोर म्हणत नाही. श्रोतृवर्गास तो चरण कोणाचा हे ठाऊक असते. तेथे उल्लेखाचे काम श्रोत्यांची स्मृतीच करते.

'संत तुकाराम' : चोरी आणि तिची उलट बाजू

प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात सालोमालो हे खलपात्र आहे. तुकारामांचा अभंग तो स्वतःच्या नावावर गातो. याच चित्रपटातील 'आधी बीज एकले' हे गीत मात्र शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे. ते अभंगवाणीशी इतके एकरूप झाले की अनेकांनी ते तुकारामांचेच मानले. अशा रीतीने एकाच कलाकृतीत दोन विरुद्ध व्यवहार दिसतात. पात्र दुसऱ्याच्या शब्दांना आपले नाव जोडते, तर गीतकाराचे शब्द दुसऱ्याच्या नावात विरून जातात. दुसऱ्या प्रकारास चोरी म्हणता येत नाही; तथापि आठवले यांचे नाव न सांगणारा वक्ता नकळत एका कवीचे कर्तृत्व पुसत असतो. लोकप्रियता कर्त्याचे रक्षण करतेच असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

मुद्रा नसलेली गाणी

खरा पेच नाममुद्रा नसलेल्या गीतांबाबत निर्माण होतो. बहिणाबाई चौधरी यांची गाणी मौखिक होती. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये 'बहिणाबाईची गाणी' आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते; त्यांनी आईच्या शब्दांना आईचेच नाव दिले. तसे झाले नसते तर ही गाणी 'पारंपरिक' या सदरात जमा झाली असती.

असा सोपानदेव प्रत्येक गाणारीस लाभत नाही. पालघर-मनोर मार्गावरील, सूर्या नदीकाठच्या मासवण परिसराचे उदाहरण घेता येईल. या भागातील वारली समाजात विवाहविधी गीतांतून पार पाडणारी धवलेरी आणि घांगळीच्या साथीने कणसरीची कथा गाणारा भगत ही गीतपरंपरेची महत्त्वाची केंद्रे आहेत. ही गीते समूहाची आहेत हे खरे. परंतु प्रत्येक वेळी ती विशिष्ट कंठातून, विशिष्ट प्रसंगी प्रकटतात. त्यांतील प्रतिमा मुद्रित कवितेत अनुल्लेखाने आल्यास नागर वाचकास त्या कवीच्याच प्रतिभेच्या वाटतात. येथे श्रोत्यांची स्मृती धवलेरीच्या साहाय्यास येत नाही. कीर्तनकारास लागू होणारी सवलत या कवीस देता येणार नाही.

कायद्याची मर्यादा

१९५७ चा प्रताधिकार कायदा ज्ञात कर्त्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण देतो. पिढीजात लोकगीताचा कर्ता अज्ञात असल्याने ते या चौकटीत बसत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यांच्या हक्कांना विस्तृत मान्यता दिली आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाचे कर्ते म्हणून ओळखले जाण्याचा हक्क त्यांना मिळाला. परंतु तो प्रयोगापुरता आहे, गीताच्या शब्दांपुरता नाही. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तेही चित्रकलेपुरतेच आहे; गीतांना त्याचा आधार मिळत नाही. जेथे कायदा थांबतो, तेथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते.

निष्कर्ष

१. सामायिक छंद, संकेत व प्रतिमा यांच्या साम्यावरून चौर्याचा आरोप करणे अशास्त्रीय आहे. ओवी व अभंग हे छंद कोणा एकाचे नाहीत.

२. अनुल्लेखित गीतपंक्तीचे मूल्यमापन करताना ज्या वाचकांसाठी कविता लिहिली आहे, त्यांस मूळ गीत ओळखता येते का, हा पहिला प्रश्न असावा.

३. लोकगीताचा आधार घेणाऱ्या कवीने व संकलकाने 'पारंपरिक' या शब्दावर न थांबता, गाणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव, गाव व प्रसंग नोंदवावा.

४. महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थी आपल्या घरातील गाणी लिहून आणतात. तेथे ही नोंद अनिवार्य करणे अध्यापकांच्या हाती आहे. आजीचे नाव वहीत लिहिणारा विद्यार्थी उल्लेखाचे महत्त्व संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकाआधीच शिकतो.