गॉथिक: उजेडाची इमारत, भीतीची गोष्ट

आज आपण एका कोड्यापासून सुरुवात करू. ‘गॉथिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधारा वाडा, करकरणारं दार, भुतं असं काहीतरी येतं. पण हे नाव ज्या चर्चना मिळालं, ती बांधली होती उजेडासाठी.

पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचे प्रमुख सुजे यांनी ११४४ पर्यंत चर्चचा पूर्व भाग नव्याने उभारला. प्रकाश पाहता पाहता मन देवाकडे जातं, अशी त्यांची श्रद्धा. पुढे टोकदार कमानी, छताच्या दगडी फासळ्या आणि बाहेरून दिलेले कमानदार धिरे यांनी भार उचलला, भिंती मोकळ्या झाल्या आणि तिथे रंगीत काचा आल्या.

मग या उजेडाची भीती कशी झाली? जुनी वास्तू भयाण दिसते, हे नेहमीचं उत्तर आपल्याला अपुरं वाटतं. हॉरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) पाहा. लग्नाच्या दिवशीच आकाशातून प्रचंड शिरस्त्राण कोसळतं आणि राजपुत्र चिरडून मरतो. का? तर त्याच्या पणजोबाने धन्याला विष देऊन, खोटं मृत्युपत्र करून गढी बळकावलेली असते. पणजोबाचं पाप अक्षरशः पणतूच्या डोक्यावर पडतं!

कथा इटलीतली, पण वाचक इंग्रज होते. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये मठ बंद केले, जमिनी सरदार-जमीनदारांकडे गेल्या आणि ठिकठिकाणी भग्न कमानी उरल्या. जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर ॲबी’त गॉथिक कादंबऱ्यांची थट्टा केली खरी, पण तिच्या जनरल टिल्नींचं घरही असंच पूर्वजाच्या हाती आलेला मठ आहे, हे तिने नोंदवलं. नायिकेला तिथे भूत सापडत नाही. सापडतो तो पैशासाठी माणसं तोलणारा घरमालक.

म्हणजे आपल्या मते, गॉथिक कादंबरीतली भीती अंधाराची कमी आणि बळकावलेल्या वारशाची जास्त आहे. ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, बरं का. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये वाद मालमत्तेचा नाहीच. पण तिथेही एक माणूस स्वतःच्या कृत्याची जबाबदारी टाळतो आणि तेच कृत्य त्याच्या मागे लागतं. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.