शाँबोरचा जिना : राजाश्रयाचे मूल्यमापन

‘राजाने कलेला उत्तेजन दिले’ हे वाक्य प्रबोधनकाळावरील उत्तरात आपण सहज लिहून जातो. ते किती अपुरे आहे, हे फ्रान्समधील शाँबोर राजवाड्यावरून तपासून पाहू.

पहिल्या फ्रान्सिसने हे बांधकाम १५१९ साली सुरू केले. मधोमध दुहेरी मळसूत्री जिना आहे. पोकळ गाभ्याभोवती दोन स्वतंत्र जिने गुंफलेले आहेत. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा गाभ्याच्या खिडक्यांतून एकमेकांना पाहतात, पण जिन्यावर समोरासमोर येत नाहीत. ही कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र लेखी पुरावा नाही. राजाच्या आश्रयाला आलेला लिओनार्दो १५१९च्याच मे महिन्यात वारला. वाड्याची लाकडी प्रतिकृती दोमेनिको दा कोर्तोना या इटालियन कारागिराने केली होती.

जिन्याभोवती चार दालने क्रूसाच्या आकारात मांडलेली आहेत. ही शिस्त इटालियन वळणाची, तर कोपऱ्यांतले गोल बुरूज जुन्या फ्रेंच किल्ल्यांचे. खालच्या भिंती शांत आहेत. छतावर मात्र धुरांडी आणि मनोरे यांची दाटी झाली आहे. माझ्या मते हा मेळ पुरता जमलेला नाही.

आता उपयोग पाहू. चारशेहून अधिक खोल्यांच्या या वाड्यात राजा ३२ वर्षांच्या कारकिर्दीत सारे मिळून अडीच महिनेही राहिला नाही. सामानसुमान दरबाराबरोबर यायचे आणि परत जायचे. निवासस्थान म्हणून ही रचना फसली. पण १५३९ साली पाचवा चार्ल्स पाहुणा म्हणून आला, तेव्हा त्याला दिपवण्याचे काम तिने केले. याच चार्ल्सच्या सैन्याने १५२५ साली पाविया येथे फ्रान्सिसला कैद केले होते. सुटकेसाठी त्याने आपले दोन मुलगे ओलीस दिले. ते १५३०पर्यंत स्पेनमध्ये होते. इकडे शाँबोरचे थांबलेले काम १५२६ साली पुन्हा सुरू झाले होते.

म्हणून रचनेचे गुण आणि आश्रयदात्याचा हेतू यांचे मूल्यमापन वेगवेगळे करावे. जिना अप्रतिम आहे, म्हणून त्यामागचा खर्च योग्य ठरत नाही. खर्च दिखाव्यासाठी झाला, म्हणून जिना उणा ठरत नाही. उत्तरात दोन्ही गोष्टी लिहा.