हाइन, ल्यूइस विक्स

(२६ सप्टेंबर १८७४ – ३ नोव्हेंबर १९४०). अमेरिकन छायाचित्रकार. जन्म विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे. न्यूयॉर्क येथे शिक्षक असताना तो छायाचित्रणाकडे वळला व १९०४ पासून एलिस बेटावरील स्थलांतरितांची छायाचित्रे घेऊ लागला. १९०८ मध्ये अध्यापन सोडून त्याने ‘नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी’ या संस्थेसाठी पूर्णवेळ काम पतकरले. सूतगिरण्या, कोळसाखाणी व काचकारखाने यांत राबणाऱ्या मुलांची त्याने हजारो छायाचित्रे घेतली.

कारखान्यात सहज प्रवेश मिळत नसे. म्हणून तो कधी बायबल-विक्रेता, तर कधी तपासनीस बनून जाई. जाकिटाच्या गुंड्यांवरून तो मुलांची उंची अजमावी आणि वय व कामाचे तास गुपचूप टिपून घेई.

हाइनच्या चित्रांचे बळ करुणेपेक्षा पुराव्यात आहे. १९०८ मधील दक्षिण कॅरोलायनाच्या गिरणीतील चित्रात चात्यांची रांग दूरवर जाते व तिच्याकडेला एक लहान मुलगी उभी दिसते. यंत्र व बालक यांच्या आकारांतील ही विषमता हेच चित्राचे विधान होय. कॅमेरा बहुधा मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर असल्याने ती दयेचा विषय न राहता पाहणाऱ्याकडे रोखून पाहणारी माणसे ठरतात. मात्र सोबतच्या टिपणाविना यांतील कित्येक चित्रे केवळ देखणी व्यक्तिचित्रे वाटतील. चित्र व शब्द मिळूनच येथे साक्ष पुरी होते.

या साक्षीला मर्यादाही आहेत. दक्षिणेकडील गिरण्यांत कृष्णवर्णीयांना सहसा काम मिळत नसे. त्यामुळे गिरण्यांवर रोखलेल्या या मोहिमेच्या चित्रांत त्यांची मुले क्वचितच आढळतात. शिवाय चित्रातील मुलाचे म्हणणे हाइनच्या टिपणातूनच कळते. ते स्वतः बोलत नाही.

बालमजुरीवरील १९१६ चा संघीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द ठरविला. टिकाऊ संरक्षण १९३८ च्या कायद्याने दिले, परंतु शेतमजूर मुलांना त्यातून बरीच सूट राहिली. चित्रांनी लोकमत घडविले. कायदा व्हायला मात्र तीस वर्षे लागली. तोवर चित्रांतील मुले प्रौढ झाली होती. हाइनची अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली. त्याच्या या कार्याचा मोठा संग्रह वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे.