दरी, सेतू आणि उपचारकेंद्र

व्यसनोपचाराचे संशोधन विद्यापीठांत होते. व्यसनी माणूस मात्र बहुधा जवळच्या एखाद्या अल्पसाधन केंद्राचा आश्रय घेतो. या अंतराविषयी अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९८ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच संशोधन व व्यवहार यांमधील दरीवर सेतू बांधण्याची भाषा आहे. मराठीत दरी बुजवितात, इंग्रजीत तिच्यावर पूल टाकतात. दरी बुजली की जमीन एक होते. पूल झाला तरी दोन काठ कायम राहतात, आणि त्यावरून माल कोणत्या दिशेने जावयाचा हा प्रश्न उरतोच.

अहवालाने परस्पर सहकार्याचा पुरस्कार केला, हे मान्य करावयास हवे. १९९९ साली विद्यापीठीय संशोधक व स्थानिक केंद्रे यांना एकत्र जोडणारे ‘क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्क’ही सुरू झाले. तथापि या क्षेत्रात रूढ झालेली क्रियापदे पाहावीत: विद्यापीठ ज्ञानाचा ‘प्रसार’ करते, केंद्र त्याचा ‘स्वीकार’ करते. केंद्राने शास्त्राला काही दिले, असे सांगणारे क्रियापद तितके रूढ झालेले दिसत नाही.

वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी एक पद्धत मांडली. लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही, तर रुग्णास वस्तूंच्या मोबदल्याची पावती मिळे. पद्धत परिणामकारक, पण केंद्रांना न परवडणारी. तेव्हा कनेक्टिकट विद्यापीठातील नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्या काढण्याची युक्ती योजिली. निम्म्या चिठ्ठ्यांवर बक्षीस नसे, केवळ शाबासकीचे शब्द असत. (शब्दांचे असे रोख मोल भाषाशास्त्रज्ञांच्याही नजरेतून सुटू नये.) आठ केंद्रांतील ४१५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले: बारा आठवडे उपचारात टिकलेले रुग्ण बक्षीसगटात ४९ टक्के, दुसऱ्या गटात ३५ टक्के. ही सुधारणा केंद्रांच्या रिकाम्या तिजोरीने घडविली, असेच म्हणावे लागते. पुलावरून माल उलट दिशेनेही आला होता. त्याची नोंद करणारी परिभाषा तेवढी नव्हती.

‘भागीदारी’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी. चाचणी संपली की निबंध विद्यापीठाच्या खाती जमा होतो. चिठ्ठ्यांच्या भांड्यातील पुढील बक्षिसांचा खर्च मात्र केंद्राच्या माथी राहतो.