नर्मदेत सोडलेली पोथी

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला एक सवय जडते. नव्या गावी सामान उतरले, मुलांच्या शाळेची व्यवस्था लागली, की तो त्या मुलखात मराठ्यांच्या खुणा धुंडाळू लागतो. कोठे एखादी छत्री, कोठे पडका वाडा, कोठे देवळाच्या भिंतीवरील शिलालेख! अशी खूण सापडली की परका मुलूख घटकाभर आपला होतो. ही सवय आम्हांसही आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे दृष्टी किती एकांगी होते, याचा प्रत्यय आम्हांस महेश्वरी आला.

महेश्वर हे निमाडातील, नर्मदेच्या उत्तर तीरावरील लहानसे गाव. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ साली व पुत्र मालेराव १७६७ साली निवर्तले. त्यानंतर अहिल्याबाईंनी दौलतीची सूत्रे हाती घेतली आणि इंदूर सोडून येथे राजधानी केली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचा अंत झाला, तोही येथेच. पुढे १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास गेली आणि महेश्वर मागे राहिले.

किल्ल्यातील राजवाड्यात आज एक छोटेखानी संग्रहालय आहे. वाड्यात शिरताच जाणवतो तो त्याचा साधेपणा. लाकडी खांब, ओसरी, चौक. एखाद्या सधन गृहस्थाचे घर शोभावे असा हा राजवाडा. येथे अहिल्याबाईंची गादी आहे आणि तिच्यावर त्यांची प्रतिमा आहे. जुनी शस्त्रे, पालखी, तसबिरी आहेत. जवळच देवघर असून तेथील सोन्याचा झोपाळा पाहण्यास यात्रेकरू गर्दी करतात. येणारा मनुष्य गादीपुढे हात जोडतो, शस्त्रांवरून नजर फिरवतो आणि घाटाकडे वळतो. पहिल्या खेपेस आम्हीही असेच केले.

या श्रद्धेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. राजधानी उठून गेलेल्या गावातील लाकडी वाडा दोन शतकांनंतरही उभा राहतो, त्यात या श्रद्धेचा वाटा मोठा आहे. परंतु संग्रहालयाचे काम देवालयाच्या कामाहून वेगळे असते. देवालयात आपण नमस्कार करून निघतो. संग्रहालयातून निघताना मनात एखादा प्रश्न असावा. गादी पाहून राज्य कोणी केले हे कळते; ते कसे केले, हे तिला सांगता येत नाही.

याविषयी खुद्द अहिल्याबाईंचे मत काय पडले असते? त्याचे उत्तर एका आख्यायिकेत आहे. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमने लोकांकडून ऐकून ती आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री आहोत असे म्हटले, आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्यास सांगितले. कर्त्याची पुढे विचारपूसही केली नाही. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, स्तुतीविषयी त्यांची वृत्ती लोकांच्या स्मरणात कशी राहिली, ते तीवरून कळते. आपण मात्र नदीतून तीच पोथी पुन्हा वर काढून वाचीत बसलो आहोत.

त्याच माल्कमने त्यांची दिनचर्याही नोंदविली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा व अल्पाहार झाल्यावर नऊपासून अकरापर्यंत काम. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना या वेळापत्रकाचा अर्थ निराळा सांगावयास नको. काशीचे विश्वेश्वर मंदिर, गयेचे विष्णुपद ही त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण हा धर्मादाय मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून होई आणि सरकारी पैशाचा हिशेब निराळा राही, ही गोष्ट त्या देवळांहून लहान नव्हे. वाड्याचा साधेपणा या हिशेबाशी जोडून पाहिला की त्या लाकडी खांबांना अर्थ येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, महेश्वरचे खरे संग्रहालय त्या दालनांबाहेर आहे आणि दालनांनी आपल्याला तिकडे धाडले पाहिजे. खाली उतरावे तो घाटाजवळ विठोजी होळकरांची छत्री लागते. १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने त्यांना हत्तीच्या पायी दिले. दुसऱ्या वर्षी यशवंतरावांनी हडपसरजवळ पेशव्यांचा पराभव केला आणि डिसेंबर १८०२ मध्ये बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. मराठ्यांच्या खुणा शोधीत आलेल्या आम्हांस ही खूणही आपलीच म्हणावी लागते. अभिमानाच्या वास्तूंची यादी करताना ही छत्री वगळली, तर तो इतिहास न राहता पुन्हा ती स्तुतीची पोथीच होईल.

वर विणकरांच्या मागांचा आवाज येतो. अहिल्याबाईंनी येथे विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. महेश्वरी लुगड्याच्या काठावर वीट, चटई, हिरा, चमेलीचे फूल अशी नक्षी असते, आणि ती किल्ल्याच्या दगडी कामावरून घेतली असे सांगतात. मध्यंतरी हा धंदा अगदी खालावला होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी संस्था काढून त्याला पुन्हा उभे केले. भिंतीवरची वीट काठावर उतरते आणि त्यावर एका घराची चूल पेटते. वास्तूचे याहून चांगले जतन आम्हांस ठाऊक नाही.

आणि समोरच्या तीरावर नावडातोली आहे. तेथे व महेश्वरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ साली, आणि नावडातोलीस पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात, उत्खनन केले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली: गोल झोपड्या, रंगीत खापरे, गहू आणि तांदूळ. घाटाच्या पायरीवर बसून पलीकडे पाहिले की आपली अठ्ठावीस वर्षांची सुवर्णयुगे केवढी असतात, ते समजते.

दुसऱ्या खेपेस आम्ही महेश्वर उलट्या क्रमाने पाहिले: आधी पैलतीर, मग छत्री, मग माग, आणि सर्वांत शेवटी वाडा. या वेळी गादीपुढे उभे राहिलो तेव्हा हात आपोआप जुळलेच. पण मनात प्रश्न होता. चौंडीची ही मुलगी परमुलखात आली, परत गेली नाही, आणि तिने इथल्या नदीला पायऱ्या व इथल्या हातांना काम दिले. बदलीचा हुकूम येताच सामान बांधणारे आपण, ज्या गावी राहिलो त्याला काय देऊन निघतो?